सगुणाच्या चुलीवरचं झाकण

दौंड, गुरुवार

प्रिय इम्तू,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळी धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण अब्बांचं नाव निघालं की तू “आपा, गिऱ्हाईक आलंय” म्हणून ठेवून देतोस. तुझ्या ढाब्यावर खरंच इतकं गिऱ्हाईक असतं तर एव्हाना पाटसपासून दौंडपर्यंतची हायवेची जमीन तुझ्या नावावर झाली असती. कागदाला मधेच गप्प करता येत नाही, म्हणून कागदावर लिहिते आहे. अक्षर वाकडंतिकडं आलं तर सांभाळून घे. रविवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. काल शिरूरच्या घरी दुधाला विरजण लावायचं सोडून त्यात चहापत्ती टाकली आणि नवरा म्हणाला, हिला कुणीतरी नजर लावली. नजर कुणी लावलेली नाही, मीच नको ते बघून आले आहे.

झालं असं की रविवारी आमच्या रांजणगावच्या कंपनीनं पॅकिंगच्या बायकांना मुंबई दाखवायला नेलं. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी केंदूरची रंगुबाई तुला मी मागं सांगितली होती बघ, जिच्या पिशवीत कायम भाजलेले शेंगदाणे असतात, ती आणि मी एका सीटवर. समुद्र बघून झाला, भेळ खाऊन झाली, पाय दुखायला लागले. तेव्हा सुपरवायझर म्हणाला, जुन्या गोदीच्या धक्क्याला एक बोट बांधून ठेवली आहे, तिचं म्युझियम केलंय, आत पंखे आहेत. बायका पंख्यांसाठी उतरल्या. मीही त्यांच्या मागोमाग पायऱ्या उतरले आणि बोटीच्या तोंडावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं नाव वाचलं. सगुणा.

मी तिथंच खिळले. आपल्या घरात या नावानं किती वर्षं काढली, आठव. अब्बा महिन्यातून एकदा मुंबईहून यायचे आणि ओट्यावर पाय पसरून सांगायचे, सगुणानं या वेळी दम काढला, सगुणाला रंग दिला, सगुणा आजारी आहे. मोहल्ल्यातल्या बायका अम्माला चिडवायच्या, “राबिया, सवत काय म्हणतीय गं तुझी?” आणि अम्मा सुपातले खडे वेचता वेचता म्हणायची, “काय म्हणणार, माझ्यापेक्षा चांगली जेवती ती.” आपण हसायचो. ते वाक्य पुढं माझ्या डोक्यात किती वेळा येऊन आदळलं ते सांगते, थांब.

तुला वाटतं तशी ती मोठी बिठी नाही. आपण लहानपणी तिचं चित्र काढायचो तेव्हा तीन मजले काढायचो. ती टग आहे, टग. मोठ्या जहाजांना गोदीच्या अरुंद तोंडातून आपलं आपण आत शिरता येत नाही, तेव्हा त्यांना दोर लावून ओढून आणायचं, धक्क्याला टेकवायचं, परत बाहेर नेऊन सोडायचं, हे तिचं काम. ठेंगणी, रुंद, काळ्या पोटाची. आयुष्यभर बंदराच्या तोंडापर्यंत गेली आणि तिथून परत आली, पुढं समुद्र तिनं पाहिलाच नाही. आणि आपण शाळेत सांगत होतो की आमचे अब्बा जहाज घेऊन परदेशात जातात.

आत एक म्हातारे गृहस्थ माहिती सांगायला होते. हनुमंतराव त्यांचं नाव. रविवारचे येऊन बसतात, पगार बिगार काही नाही. ते सांगत होते ते सगळं मी कान देऊन ऐकलं, कारण अब्बांचीच गोष्ट चालली आहे असं वाटत होतं. सगुणा इंग्रज असतानाच परदेशात बांधली आणि कोळसा जाळत स्वतःच्या बळावर मुंबईला आली. धान्याची जहाजं, लोखंडाची जहाजं, लढाईच्या वेळची जहाजं, सगळी तिनं ओढली. मग तिचं बॉयलर काढून डिझेल इंजिन बसवलं. एका वादळात धान्यानं भरलेलं एक जहाज नांगर तुटून खडकांकडे चाललं होतं, ते सगुणानं एका दोरावर दुपारपासून दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत धरून ठेवलं. शेवटी म्हातारी झाली म्हणून भंगारात निघाली. तोडायला न्यायच्या दिवशी तिच्यावर नोकरी केलेले जुने खलाशी धक्क्यावर येऊन बसले आणि उठेचनात. पुढं वर्गण्या झाल्या, अर्ज झाले, दोन-चार शिकलेली माणसं मदतीला आली आणि तिला रंगरंगोटी करून इथं बांधली. हे सांगताना म्हाताऱ्यांनी भिंतीवर हात असा फिरवला जसा आपण गाईच्या पाठीवर फिरवतो.

मी तोंड उघडून सांगणारच होते की माझे अब्बा याच टगचे ड्रायव्हर होते. ओठावर आलं होतं बघ. तेवढ्यात हनुमंतराव म्हणाले, बॉयलर काढल्यापासून भंगारात निघेपर्यंत या टगचा ड्रायव्हर मी होतो. मला वाटलं, असतील दोन ड्रायव्हर, पाळ्या असतील. आपल्या कंपनीत नाही का एका मशीनवर तीन पाळ्या चालतात.  

मग रंगुबाईनं मला कोपरखळी मारली. केबिनच्या भिंतीवर टगच्या माणसांचा एक फोटो मोठा करून लावला आहे. “तहमीना, ह्ये तुझं अब्बा न्हाईत का गं? मागं तुझ्या लेकीच्या लग्नात बघितल्यालं मी.” मी म्हटलं, कुठं, दाखव. ड्रायव्हरच्या कपड्यात कोण आहे ते शोधत होते मी. रंगुबाईनं बोट ठेवलं ते कडेला उभ्या असलेल्या माणसावर. डोक्याला फडकं बांधलेलं, कमरेला दुसरं, उजव्या हातात लांब दांड्याची पळी, आणि तोंड उघडं टाकून हसतोय. इम्तू, मी आपल्या बापाला ओळखलं नाही. त्यांचे सगळे दात मी पहिल्यांदा बघितले. आपल्या घरात ते कधी असे हसले होते का?

हनुमंतराव मागून म्हणाले, “हा आमचा कासम भंडारी.” भंडारी म्हणजे टगवरचा स्वयंपाकी.  रंगुबाईनं माझा दंड धरला. मी विचारलं, की हे आगवाले होते ना, बॉयलरमधे कोळसा घालणारे? म्हणाले, हो तर, आगवाला म्हणूनच आला. पण बॉयलर गेलं तसं आगवाल्यांचं काम संपलं. बाकीचे हिशेब घेऊन घरी गेले. त्याच सुमाराला जुना भंडारी आजारी पडला आणि कासम म्हणाला, आग सांभाळायला मला येतं, चूलपण सांभाळेन. पहिल्याच दिवशी बटाट्याचा असा रस्सा केला की आम्ही त्याला परत जाऊ दिलं नाही. शेवटपर्यंत त्यानंच आम्हाला खाऊ घातलं.

आता तू हातातलं काम बाजूला ठेव आणि हे नीट वाच. ज्या माणसानं तुला भर मांडवातून दंडाला धरून ओढून काढलं, तू देगीतला पुलाव हलवत होतास म्हणून, ज्यानं तुझ्या हातातली पळी हिसकावून गटारात भिरकावली आणि सगळ्या बिरादरीसमोर म्हणाला की ड्रायव्हरच्या घरचा पोरगा भटारखान्यात राबणार न्हाई, राबायचं असंल तर माझ्या उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाई, तो माणूस जवळजवळ सगळं आयुष्य पळी हलवून पोट भरत होता. आपलं पोट. माझी फी, तुझे कपडे, अम्माच्या कानातली फुलं, सगळं त्या चुलीवर शिजलेलं. मला तिथल्या तिथं ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, रंगुबाईचे शेंगदाणे मुठीत घट्ट धरून उभी राहिले.

मी कासमची मुलगी हे कळल्यावर हनुमंतरावांनी मला स्वयंपाकाची जागा दाखवली. आपल्या मोरीएवढी. एक लोखंडी चूल, वर कठडा, हिंदकळून पातेलं पडू नये म्हणून. चुलीशेजारी एक खांब. वादळाच्या त्या दिवशी कासमनं लुंगीनं स्वतःला त्या खांबाला बांधून घेतलं होतं आणि तसाच उभा राहून रस्सा केला होता, म्हणाले. ताटं घेऊन रांगत रांगत प्रत्येकापर्यंत गेला. कोपरापासून मनगटापर्यंत भाजला, पण इंजिनपाशी मला घास भरवून गेला, कारण माझे दोन्ही हात गुंतले होते. त्या भाजल्याचा डाग आपण लहानपणी बोटानं चाचपायचो, आठवतं? इंजिनच्या पायपाला लागलं म्हणून सांगितलं होतं आपल्याला.

आणि मग त्यांनी खुंटीवरचं एक जर्मनचं झाकण काढलं आणि पळीनं त्यावर तीन टोले दिले. टण्, टण्, टण्. टगवर शिट्टी उगीच वाजवता येत नाही. ती मोठं जहाज आत आणणाऱ्या पायलटला इशारा देण्यासाठी असते, चुकून वाजली तर जहाज भलतीकडं जायचं. म्हणून जेवण तयार झालं की भंडारी झाकण वाजवायचा. तीन टोले म्हणजे या. दोर सुटला असेल तर सगळे येऊन एका मोठ्या थाळ्याभोवती बसायचे, सारंग म्हणजे टगचा कप्तान, ड्रायव्हर, खलाशी, कोण कुठला कोण कुठल्या धर्माचा, काही नाही. इम्तू, अब्बा जेवायला बसले की चमच्यानं ताटाची कड तीनदा वाजवायचे. आपण म्हणायचो, ड्रायव्हरसाहेबांची ऐट. ते कुणाला बोलावत होते, बघ.

तुला वाटेल एवढ्यावर संपलं. मलाही वाटलं होतं. निघता निघता फळीवर मसाल्याचे डबे मांडून ठेवलेले दिसले आणि त्यांच्या शेजारी एक मांजरपाटाची पिशवी, घडी घालून. तिच्या कोपऱ्यावर हिरव्या दोऱ्याची गाठ. गिरणीत पिशव्या बदलू नयेत म्हणून अम्मा आपल्या प्रत्येक पिशवीला घालायची तीच, दोन वेढे आणि एक फास. हनुमंतराव म्हणाले, कासमच्या घरून मसाला यायचा, त्याच्याशिवाय तो रस्सा करायचाच नाही. दर महिन्याला अम्मा केवढा मसाला कुटायची ते आठव. शेजारची दगडाबाई मदतीला यायची तरी दोघींच्या हाताला फोड यायचे. खोलीवर एकटा राहणारा माणूस महिन्याला एवढा मसाला काय अंगाला लावणार होता? एवढं साधं गणित आपल्याला सुचलं नाही. अम्माला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं, सवत माझ्यापेक्षा चांगली जेवती असं ती उगीच म्हणत नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते आपणच.

परतीच्या बसमधे बायका गाणी म्हणत होत्या आणि मी काचेला डोकं टेकून एकच शोधत होते, की हे खोटं सुरू कुणी केलं. शिरूर येईपर्यंत सापडलं. तुझा तेव्हा जन्म नव्हता. मी लहान होते, पण पेढे आठवतात. दादा, अब्बांचे वडील, आयुष्यभर इथल्या लोको शेडमधे राबलेले. दौंडमधे रेल्वेच्या माणसाला एकच माहीत, कोळशाचं इंजिन गेलं आणि डिझेल आलं की फायरमनचा असिस्टंट होतो आणि असिस्टंटचा ड्रायव्हर. आजूबाजूच्या घरोघरी तसंच होत होतं. अब्बांनी येऊन सांगितलं असणार की सगुणाचं बॉयलर काढलं, डिझेल बसवलं. पुढचं वाक्य बोलायला दादांनी त्यांना सवडच दिली नाही. ते तडक उठले आणि पेढे घेऊन मोहल्लाभर फिरले, माझा कासम ड्रायव्हर झाला. स्टेशनावरच्या हमालांपर्यंत पेढे गेले. मी त्यांचा सदरा धरून मागं मागं होते. दौंडच्या माणसाशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती.

सोमवारी मी कंपनीत खाडा टाकला आणि पहिल्या एसटीनं इथं आले. अब्बा ओट्यावर लसूण सोलत बसले होते. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. आत जाऊन आपल्या भाताच्या पातेल्यावरचं झाकण आणलं, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि चमच्यानं तीनदा वाजवलं. त्यांच्या हातातला लसूण खाली पडला.  मग म्हणाले, “कोण भेटलं?” मी म्हटलं, हनुमंतराव. म्हणाले, “हाय व्हय अजून? गुडघं कसं हायती त्येचं?” मला इतका राग आला, इम्तू. माझं काळीज फाटलंय आणि यांना त्याच्या गुडघ्यांची पडली आहे.

मग मी बोलले. तुला ठाऊक आहे माझी जीभ. सगळं बोलले, तुझं बोलले, अम्माच्या मयतीला तू कब्रस्तानाच्या फाटकातूनच परत गेलास ते बोलले, आणि हेही बोलले की एसटीनं पाटसवरून जाताना इम्तूचा ढाबा ज्या अंगाला आहे त्या खिडकीपासून उठून तुम्ही पलीकडं जाऊन बसता, ते मी बघितलंय. दगडाबाई शेजारून डोकावली आणि माझं तोंड बघून परत गेली. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले की अम्माला त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. ती म्हणाली होती, “झाकली मूठ सव्वा लाखाची. लोकांचं मी बघती, तुम्ही मीठ बघा.” त्यांना वाटलं, दादा आहेत तोवर राहू दे. दादा गेले, मग माझं लग्न आलं, ड्रायव्हरची मुलगी म्हणून स्थळ आलेलं. टगवरचे लोक घरी येतो म्हणायचे म्हणून त्यांनी कुणाला पत्ता दिला नाही. एक खोटं पाळायला किती माणसांना दारातून परतवावं लागतं, बघ.

मी विचारलं, आणि इम्तूची पळी? ती का फेकली? या वेळी ते लगेच बोलले, जणू इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं. “त्यानं पळी कशी धरली हुती तू बघितलं न्हाईस. मी धरतो तशी. दांडा कोपराला टेकवून. त्या मुंबईच्या चुलीबिगर कुठंच कुणी तशी धरत न्हाई. मी काय त्याला दावली न्हवती. मला वाटलं, आता समद्यांला कळणार, इचारतील कुणाचं बघून शिकला.” कुणी विचारलं नसतं. मांडवातल्या लोकांना पुलावाशी मतलब होता. कुणाच्या कोपराकडे बघायला कोण बसलंय? पण एवढ्या भीतीपायी त्यांनी तुला घालवलं. अम्मा दर ईदला म्हणायची, पोराला खरं सांगा, घेऊन या. ते म्हणायचे, पुढच्या खेपेला. अम्माची खेप आधी संपली.

त्यांना माफ कर असं मी म्हणणार नाही. मीच अजून केलेलं नाही. चार शब्द नीट बोलते आणि मग आठवतं की तू पहिला हिवाळा त्या ढाब्याच्या भट्टीमागं पोत्यावर झोपून काढला होतास, आणि पुन्हा घुमी होते. तरी जे बघितलं ते तुझ्यापासून लपवून मी तिसरी झाकली मूठ होणार नाही.

आता पुढचं ऐक. माझं बोलून झाल्यावर अब्बा उठले आणि स्वयंपाकघरात गेले. उंबऱ्याच्या आत गेलेलं मी त्यांना जन्मात पहिल्यांदा बघितलं. अम्मा तापानं फणफणलेली असायची तेव्हासुद्धा ते उंबऱ्यावर बसून दगडाबाईला सांगायचे, कांदा अजून कच्चा हाय, आता पाणी घाल, आणि आपण म्हणायचो काय हा चोंबडेपणा. त्यांनी बटाटे चिरले. मी नुसती बघत राहिले. सुरी दिसतच नव्हती, बटाटा तेवढा उघडत होता. अम्माच्या मसाल्याच्या बरणीत तळाशी उरलेलं होतं ते खरवडून घातलं. म्हातारा हात, पण पळी कोपराला टेकवली आणि तो हात थरथरायचा थांबला. अगदी तुझ्यासारखी धरतात रे. रस्सा उकळल्यावर त्यांनी मीठ घातलं. चाखलं नाही. पुन्हा घातलं. मग थोडं थांबून तिसऱ्यांदा घातलं.

मी ताट घेऊन बसले आणि पहिला घास घशात अडकला. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. मग हळूच म्हणाले, मला कळत न्हाई. साथीच्या वर्षी ताप आला, अम्माला घेऊन गेला आणि यांची जीभ घेऊन गेला. तेव्हापासून मीठ नाही, तिखट नाही, काही नाही. आणि आपण, म्हणजे मी, सगळ्यांना सांगत फिरत होते की अम्मा गेल्यापासून अब्बा निवले, आता जेवणाला नावं ठेवत नाहीत. भंडाऱ्याची जीभ गेली होती आणि ते कुणाला सांगायचं तर आधी भंडारी होतो हे सांगावं लागलं असतं. तेव्हा मात्र मी रडले. राग तसाच होता, तरी रडले.

हनुमंतरावांनी माझ्याजवळ निरोप दिला होता. टगवर काम केलेली जी काही म्हातारी मंडळी उरली आहेत ती वर्षातून एकदा सगुणावर जमतात. चूल इतकी वर्षं थंड होती, या वर्षी दुरुस्त करून घेतली आहे. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पेटवायची म्हणतात, आणि म्हणतात कासमच्या रश्शाशिवाय पेटवण्यात अर्थ नाही. मी निरोप सांगितला तर अब्बा आधी नाही म्हणाले. मंगळवारीही नाही म्हणाले. बुधवारी मला शिरूरला जावंच लागलं. आज कंपनीची सुट्टी म्हणून परत आले, तर त्यांनी स्वतःहून विषय काढला. लसूणच सोलत होते. “जाईन म्हंतो. पन चाखनारा पायजे संगं.” मी म्हटलं, मी येते. म्हणाले, “तू ये की. पन तुला मसाल्यातलं काय कळतंय.” एवढं बोलून ते पाटसच्या रस्त्याकडं बघत बसले. तुझं नाव घेतलं नाही. ते त्यांना अजून येत नाही.

आणि म्हणून हे पत्र. आज सकाळी त्यांनी पुन्हा रस्सा केला आणि मला न विचारता स्टीलच्या डब्यात भरला. दगडाबाईचा पप्पू कारखान्यावर पाळीला निघाला आहे, त्याच्याजवळ डबा आणि हे पत्र देते आहे. तो येताना पुन्हा तुझ्या दारावरूनच येणार. अब्बा मला एवढंच म्हणाले की त्याला म्हणावं, मीठ कमी हाय का जास्त तेवढं सांग. घरी ये, माफ कर, मुंबईला चल, असलं काही मी लिहीत नाही, त्यांनी सांगितलेलं नाही. मी आत आहे असं समजून त्यांनी डबा बांधल्यावर झाकणावर चमच्यानं तीन टोले दिले, ते मात्र मी ऐकले. रस्सा मी चाखला आहे. मीठ किती पडलं ते मला कळलं आहे, पण मी त्यांना सांगितलेलं नाही. ते तू सांग.

तुझीच,
तहमीनाआपा